कंठाचें मौन

पाहुणे आले, चहा-फराळ आटोपला आणि बोलणें जरा थंडावलें, कीं आमच्या घरांत कोणी तरी वडील माणूस माजघराकडे तोंड करून हांक मारतें : "बाळे, बाहेर ये पाहूं. पाहुण्यांना एक पद म्हणून दाखव." बाळी येते, डोळे मिटून गाते, पाहुणे माना डोलवितात, आणि तिच्या आईबापांपेक्षां आम्हां आजोबांचीच छाती दोन बोटें अधिक फुगते. वाचकांच्या घरींही हा सोहळा घडत असेलच. यंदाच्या गणेशोत्सवांत तो आमच्याकडे इतक्या वेळां घडला कीं, अनंतचतुर्दशीस आमच्या तेरा वर्षांच्या नातीचा आवाज बसला, तो पंधरवडा लोटला तरी मोकळा होईना. इकडे कोजागिरीच्या कार्यक्रमाचें आमंत्रण आम्हीं स्वीकारून ठेवलेलें! घरांत दोन पक्ष पडले. एक म्हणे, ज्येष्ठमध चघळूं द्या, गाईल. दिलेला शब्द मोडूं नये. दुसरा म्हणे, पोरीला चार दिवस मोकळें सोडा. सांगावयास संकोच वाटतो, परंतु आम्ही पहिल्या पक्षांत होतों. मुलीस काय वाटतें, हें मात्र दोन्ही पक्षांपैकीं कोणींच विचारलें नाहीं. अशा वेळीं एका परदेशीय गायिकेचें चरित्र आम्हांस आठवलें व त्यानें आमचा पक्ष बदलला; म्हणून तें येथें सांगतों.

या गायिकेचें नांव जेनी लिंड. १८२० सालच्या ऑक्टोबरच्या ६ तारखेस स्वीडन देशाच्या राजधानींत, स्टॉकहोम येथें, तिचा जन्म झाला. आई घरींच मुलींची शाळा चालवी, संसार ओढगस्तीचा. मुलगी नऊ वर्षांची असतांना तिचें गाणें राजनाट्यगृहांतील एका प्रमुख नर्तकीच्या दासीच्या कानीं पडलें. दासीनें बाईंस सांगितलें, बाईंनीं मुलीस नाट्यगृहाच्या गायनशिक्षकापुढें उभें केलें, आणि सरकारी खर्चानें तिच्या शिक्षणाची सोय लागली. दहाव्या वर्षापासून ती रंगभूमीवर वावरूं लागली.

तिचा आवाज 'सोप्रानो' जातीचा, म्हणजे स्त्रीकंठांतील सर्वांत उंच पट्टीचा होता. ऑपेरा म्हणजे आपल्याकडील संगीत नाटक नव्हे. आपल्या नाटकांत गद्य संभाषण चालतें व मधून पदें येतात. ऑपेरांत बहुधा संभाषणही गाऊनच होतें. पुढें वाद्यांचा मोठा ताफा वाजत असतो, आणि त्या काळीं तर ध्वनिवर्धक यंत्र नव्हतेंच. वाद्यांच्या त्या कल्लोळांतून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोंचवावयाचा तो निव्वळ कंठाच्या आणि श्वासाच्या बळावर. १८३८ सालच्या मार्चच्या ७ तारखेस, अठरावें वर्ष चालू असतांना, जेनीनें वेबर या जर्मन संगीतकाराच्या 'डेर फ्रायशुत्झ' या ऑपेरांत नायिकेची भूमिका केली, आणि स्टॉकहोमचे रसिक तिजवर लुब्ध झाले. १८४० सालीं ती राजदरबारची गायिका झाली. भूमिकेमागून भूमिका, गांवामागून गांव, असा क्रम सुरूं झाला. नको म्हणणें तिला ठाऊक नव्हतें, आणि तिच्या भोंवतालच्यांना तर तें नकोच होतें. व्हावयाचें तेंच झालें. शिक्षण अपुरें, श्रम अतोनात. विशी गांठतांना आवाज थकला, घोगरा झाला.

१८४१ सालीं ती पॅरिसला गेली व त्या काळचे सर्वश्रेष्ठ गायनगुरु मॅन्युएल गार्सिया यांच्यापुढें उभी राहिली. गुरूंनीं गाणें ऐकलें आणि आवाज आतां उरलेलाच नाहीं, असा स्पष्ट निर्वाळा दिला. जिच्यावर एका राजधानीनें फुलें उधळलीं, तिला हें ऐकावें लागलें! तिनें विनवणी केली, तेव्हां गुरूंनीं एकच आज्ञा केली : सहा आठवडे गावयाचें नाहीं, शक्य तों बोलावयाचेंही नाहीं, मग या. तिनें ती आज्ञा अक्षरशः पाळली. परक्या शहरांत, परक्या भाषेंत, विशींतल्या मुलीनें सहा आठवडे मौन धरणें ही सामान्य तपश्चर्या नव्हे. मौन संपल्यावर तिला काय मिळालें? मोठमोठ्या भूमिका नव्हेत. सावकाश चढावयाचे व सावकाश उतरावयाचे साधे स्वर. सगळा पाया उकरून पुन्हां घालावयाचा. असे जवळजवळ दहा महिने गेले.

हे गार्सिया नुसते गवई नव्हते. पुढें त्यांनीं छोट्याशा आरशावर सूर्यप्रकाश घेऊन जिवंत माणसाच्या गळ्यांतील स्वरतंतूंची हालचाल स्वतः पाहिली, आणि १८५५ सालीं आपलीं निरीक्षणें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडलीं. या तंतूंचें काम ऐकून वाचकांस आश्चर्य वाटेल. सोप्रानो गायिका वरचा 'सी' लावते तेव्हां ते एका सेकंदांत हजाराहून अधिक वेळां एकमेकांस मिळतात व सुटतात. अशा नाजूक जागेस सूज असतांना ओढून गाणें म्हणजे पायाला फोड आला असतांना त्याच जोड्यानें दहा कोस चालणें होय. ज्येष्ठमधानें घशास बरें वाटतें. परंतु फोड कांहीं त्यानें बसत नाहीं.

आमच्या पूर्वजांस हें मर्म अपरिचित होतें असें नाहीं. पाणिनीय शिक्षेंत वर्णोच्चाराला वाघिणीची उपमा दिली आहे. ती पिलाला दांतांत धरून नेते. पीळ इतका सैल नाहीं कीं पिलूं खालीं पडेल, इतका घट्ट नाहीं कीं दांत रुतेल. गळ्यांतला स्वर असाच धरावा लागतो. आम्हीं ती उपमा वर्षानुवर्षें शिकविली. आमच्याच घरांत मात्र पिलाला दांत लागला तो आम्हांस दिसला नाहीं.

१८४२ च्या ऑक्टोबरांत जेनी 'नॉर्मा' या ऑपेरांतून पुन्हां स्टॉकहोमच्या रंगभूमीवर आली. पुढील सात वर्षांत बर्लिन, लाइप्झिग, व्हिएन्ना अशीं शहरें तिनें जिंकलीं. १८४७ च्या मेच्या ४ तारखेस लंडनांत ती प्रथम उभी राहिली तेव्हां राणी व्हिक्टोरिया प्रेक्षकांत होती. 'स्वीडनची नाइटिंगेल' असें लोक तिला म्हणूं लागले. तथापि एक गोष्ट लपवूं नये : मध्यसप्तकांतील कांहीं स्वर शेवटपर्यंत थोडे धूसरच राहिले, असें त्या वेळचे जाणकार नोंदवून गेले आहेत. गुरूंनीं पुष्कळ परत मिळवून दिलें, सगळें नव्हे. अवेळीं केलेल्या अतिरेकाचा वण राहतोच.

नको म्हणणें ती आतां शिकली होती. १८४९ च्या मेच्या १० तारखेस, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, कीर्ति शिखरावर असतांना तिनें ऑपेराची रंगभूमि सोडली. पुढें जलशांतच गाइली. अमेरिकेंतील बार्नम या चतुर व्यवस्थापकानें दर जलशास १,००० डॉलर देऊं केले, तेव्हां तिनें सर्व रक्कम आधीं पेढींत भरून घेतली, मगच जहाजांत पाऊल ठेवलें. त्याच्या व्यवस्थेखालीं ९३ जलसे केले आणि मिळालेल्या द्रव्यांतील फार मोठा भाग धर्मकार्यांस, विशेषतः स्वीडनमधील शाळांस दिला. १८५२ सालीं तिनें पियानोवादक ऑटो गोल्डश्मिट यांच्याशीं विवाह केला व पुढें इंग्लंडांत संसार थाटला. १८८३ सालीं लंडनचें रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक सुरूं झालें तेव्हां ती तेथें गायनाची अध्यापिका झाली. १८८७ च्या नोव्हेंबरच्या २ तारखेस ती निवर्तली. तिच्या आवाजाचें एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाहीं. १९९६ सालीं निघालेल्या स्वीडनच्या ५० क्रोनांच्या नोटेवर तिचें चित्र होतें. तीही नोट आतां चलनांत नाहीं.

हें चरित्र आम्हांस इतकें कां लागलें, तें सांगणें प्राप्त आहे. तीसएक वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक मुलगा होता. आवाज असा कीं प्रार्थना म्हणूं लागला म्हणजे शिपाईही घंटेपाशीं थबके. आवाज फुटण्याच्या वयांत तो आला होता. संमेलन जवळ आलें होतें, आणि संमेलनाच्या संगीताचे सूत्रधार आम्ही. त्यानें एकदां सांगितलें, "गुरुजी, घसा दुखतो." आम्हीं म्हटलें, "एवढे आठ दिवस काढ." त्यानें ते काढले. संमेलन गाजलें, आमची पाठ थोपटली गेली, आणि त्या मुलाचा आवाज पुन्हां कधीं सुरांत लागला नाहीं. दोष वयाचा होता, असें आम्हीं पुष्कळ दिवस स्वतःस समजाविलें. अजून तो रस्त्यांत भेटला कीं वांकून नमस्कार करतो. त्या भरड आवाजांतला 'गुरुजी' हा शब्द ऐकतांना आम्ही त्याच्याकडे पाहूं शकत नाहीं.

म्हणून कोजागिरीवाल्यांस आम्हीं दिलगिरीचें पत्र पाठविलें. मुलीस वैद्यकीय तपासणीस नेलें. डॉक्टरांनीं नळीच्या टोंकाच्या कॅमेऱ्यानें स्वरतंतु पाहिले, सूज आहे म्हणाले व गाणें पूर्ण बंद, बोलणेंही अगदीं बेताचें, असें बजावलें. आवाज तीन आठवड्यांवर बसलेला राहिला तर वाट न पाहतां दाखवावें, हेंही त्यांनीं सांगितलें. तें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. घरीं आल्यावर आम्हीं नातीस म्हटलें, "बाळे, कार्यक्रम रद्द केला हो. वाईट वाटलें का?" तिनें पाटीवजा वहींत लिहून दाखविलें : "मला आधीं विचारलें असतें, तर मींच नको म्हटलें असतें."

तानपुऱ्यावर सध्यां गवसणी आहे. संध्याकाळीं ती शेजारीं बसून जुन्या गवयांच्या तबकड्या ऐकते. पाहुण्यांस आम्ही तूर्त फराळच वाढतों.