भाषाविचार : घेणाऱ्याचा मान

'गुरुजींनी मला पुस्तक दिले.' येथे 'देणे' हे क्रियापद द्विकर्मक. पुस्तक हे प्रत्यक्ष कर्म, 'मला' हे अप्रत्यक्ष. गुरुजींना वगळले तरी आपण 'मला पुस्तक दिले गेले' असेच म्हणतो. 'मला'चा 'मी' होत नाही. इंग्रजीच्या पॅसिव्ह रचनेत मात्र उद्देश्याचा मान दोन्ही कर्मांना मिळतो : 'अ बुक वॉज गिव्हन टु मी' किंवा 'आय वॉज गिव्हन अ बुक'. म्हणूनच एखादा विद्यार्थी 'आय हॅव गिव्हन अ प्राइझ' असे लिहितो आणि बक्षीस घेणाऱ्याचा देणारा होऊन बसतो! उलट 'एक्स्प्लेन'ला ही मुभा नाही. तेथे 'द रूल वॉज एक्स्प्लेन्ड टु मी' हेच शुद्ध. अशा चुकीवरून मुलाला मंद ठरवू नये. त्याच्या लेखणीतून मायबोलीचा 'मला'च बोलत असतो.