घमेले आमच्या डोक्यावर, नकाशा कुणाच्या हाती?

नातेपुत्यात कुठेही स्लॅब पडत असला की एक दृश्य हमखास दिसते. घमेले बाईच्या डोक्यावर, थापी गड्याच्या हातात! वीस वर्षे बिगारी म्हणून राबलेली आमची मायबहीण गवंडी होत नाही. मग घराचा नकाशा तिच्या लेकीने काढावा, हे कुणाच्या मनातही येत नाही. अक्कल कमी आहे म्हणून? मुळीच नाही. दार बंद आहे म्हणून!

हे दार एका परक्या देशातील मुलीने मुंबईत येऊन ठोठावले होते. मिनेट डी सिल्वा तिचे नाव. श्रीलंकेतील कँडीची. वडील बौद्ध, आई ख्रिश्चन. आई स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेली. श्रीलंकेत तेव्हा वास्तुकलेचे शिक्षण नव्हते. मुंबईत तिने मिस्त्री आणि भेदवार यांच्या कचेरीत उमेदवारी केली. तिथेच पेरिन मिस्त्री होत्या, १९३६ साली जे.जे.तून वास्तुकलेची पदविका घेतलेल्या देशातील पहिल्या महिला आर्किटेक्ट. पुढे मिनेट जे.जे.त गेली. १९४२ च्या आंदोलनात गांधींच्या सुटकेसाठी निघालेल्या मोर्चात ती सामील झाली. माफी मागायला नकार दिला म्हणून तिला काढून टाकले. गांधींशी आमचे मतभेद जगजाहीर आहेत. पण अशा मुलीचा ताठ कणा आम्ही ओळखतो. ती लंडनला शिकली आणि १९४८ साली ब्रिटनच्या रॉयल इन्स्टिट्यूटची सहसदस्य होणारी पहिली आशियाई स्त्री ठरली. मायदेशी वटपुलुवा वसाहत उभारताना तिने राहणाऱ्यांनाच विचारले, घर कसे हवे? आमच्या घरकुलांत चूल आणि मोरी कुठे हवी, हे बाईला कोण विचारतो?

समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. वकील म्हणून आम्ही त्यातील पळवाट रोज पाहिली. बाईच्या हाती थापीच द्यायची नाही! काम 'समान' झालेच नाही, तर वेतन समान कसे मागणार?

पेरिन यांच्या मागे वडिलांची कचेरी होती, मिनेटच्या मागे पुढारी घराणे. आमच्या लेकींच्या मागे समाजानेच उभे राहिले पाहिजे. विहारात रविवारी चित्रकलेचा आणि गणिताचा वर्ग सुरू करा. बिगारी भगिनींना ओळंबा आणि थापी शिकवा. बारावीला गणित घेतलेल्या मुलीला आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेला बसवा. शिष्यवृत्तीचे अर्ज आम्ही भरून देऊ.

ज्यांनी दुसऱ्यांची घरे बांधली, त्यांच्या लेकींनी आता नकाशा हाती घ्यावा. जय भीम!