बाईच्या नावावर रिव्हॉल्व्हर घ्यायचंय? आधी सांगा, कपाटाची चावी कुणाकडे राहणार

मळ्यातल्या एखाद्या घरी चोरी झाल्याची बातमी आली की दोन दिवसांत कुणीतरी विचारतंच, "बायकांना चालवायला सोपं, बजेटमध्ये बसेल असं एखादं रिव्हॉल्व्हर सुचवा ना." खाली कमेंटही ठरलेल्या. अर्धे जण "ताई, तुमचं लाटणं बास आहे" म्हणून हसतात. उरलेले, ज्यांनी परवान्याचा अर्जसुद्धा कधी बघितलेला नाही, ते मॉडेलची नावं फेकतात. विचारणारी बाई मात्र रात्री परत एकटीच असते. म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

आपल्याकडे हा प्रश्न सरकारी कारखान्यानंही मनावर घेतला होता. दिल्लीतल्या बसमधल्या त्या घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीनं 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. खास महिलांसाठी. .३२ बोअर, सहा गोळ्या, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन साधारण अर्धा किलो, पर्समध्ये मावेल असं. किंमत? सव्वा लाखाच्या आसपास! वर दागिन्यासारखी पेटी. ज्या मुलीच्या आठवणीनं हे नाव ठेवलं ती बसनं घरी निघालेली मुलगी होती. तिच्यासारख्या घरात सव्वा लाख कुठून यायचे, हा विचार पेटी बनवणाऱ्यांच्या मनात आला नसावा. पुढे इशापूरच्या रायफल फॅक्टरीनं 'निडर' काढलं. .२२ बोअर, वजन सुमारे २५० ग्रॅम, किंमत ३५ हजारांच्या आसपास. म्हणजे स्वस्त झालं, हलकंही झालं.

पण हलकं म्हणजे सोपं, हा मोठा गैरसमज आहे. गोळी तीच असेल तर शस्त्र जितकं हलकं तितका हाताला झटका जास्त. नळी आखूड असली की नेम धरणं अवघड. रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी न ओढता थेट ट्रिगर दाबायचा तर बोटाला चांगलाच जोर लागतो, आणि त्या जोरातच नेम हलतो. त्यामुळे दुकानात हातात घेऊन "किती हलकं आहे" म्हणणारी बाई आणि रेंजवर दहा गोळ्या झाडल्यानंतरची तीच बाई, दोघींचं मत वेगळं असतं. माझं विचाराल तर पिस्तुलापेक्षा रिव्हॉल्व्हर बरं. वरचा भाग जोर लावून मागे ओढावा लागत नाही, आणि चक्र उघडलं की गोळ्या आहेत की नाहीत ते डोळ्यांना दिसतं. .३२ मध्ये थोडं जड असलेलंच घ्या. बारा बोअरची लांब बंदूक हाही पर्याय आहे. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये कलम १३ खाली संरक्षणासाठी किमान वीस इंच नळीच्या साध्या बंदुकीचा परवाना देण्याबाबत कायदा तुलनेनं उदार आहे, रिव्हॉल्व्हरसाठी मात्र सबळ कारण पटवावं लागतं. पण बारा बोअरचा खांद्याला बसणारा दणका आणि घराच्या दारात, बोळात ती लांब नळी फिरवणं, हेही बघा.

आता पैशाचं. शस्त्राची किंमत हा फक्त पहिला हप्ता. अर्ज, पोलीस चौकशी, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, गोळ्या, सरावासाठी रेंजवर जाणं-येणं, कुलुपाचं लोखंडी कपाट. सराव नसेल तर बाकी सगळा खर्च पाण्यात. शिवाय निवडणुका लागल्या की शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येऊ शकते. आपल्याकडे निवडणुका काय, सतत चालूच असतात. आणि स्वस्तात म्हणून कुणी गावठी कट्टा सुचवला तर त्या माणसापासून चार हात लांब राहा. तो हातात फुटू शकतो, आणि विनापरवाना शस्त्राला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ ते ५ वर्षांची शिक्षा आहे.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. शस्त्र कपाटात जाणार. त्या कपाटाची चावी कुणाकडे?

आपल्या किती घरांत बाईच्या नावावरच्या वस्तू बाईच्या ताब्यात असतात? सातबाऱ्यावर नाव तिचं, व्यवहार नवरा बघतो. बँकेचं खातं तिचं, एटीएम कार्ड मुलाच्या खिशात. अहो, काही ठिकाणी सरपंच ती असते आणि खुर्चीत 'सरपंच पती' असतो! तिथे रिव्हॉल्व्हर तेवढं तिच्याच उशाशी राहील, असं कोण म्हणेल? कायद्यानं ते फक्त परवानाधारकानं वापरायचं. प्रत्यक्षात ते लग्नाच्या वरातीत हवेत उडवायला दिराच्या कमरेला दिसेल.

यात गंमत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत आरोपी ओळखीचाच असण्याचं प्रमाण वर्षानुवर्षं ९० टक्क्यांच्या वर आहे. ज्याच्यापासून धोका तो बहुतेक वेळा दार फोडून येत नाही. त्याला दार आपणच उघडतो. घरोघरी बंदुका असल्या की काय होतं, हे बघायला अमेरिकेकडे जावं लागतं. तिथल्या ११ शहरांत जॅकलिन कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तो २००३ मध्ये छापून आला. मारहाण करणाऱ्या जोडीदाराच्या हाती बंदूक पडू शकत असेल तर बाईचा खून होण्याचा धोका सुमारे पाचपट वाढतो, असं त्यात दिसलं.

म्हणजे बायकांनी शस्त्र घेऊच नये का? तसं मी म्हणत नाही. मळ्यात एकटी राहणारी, जिथे पोलिसांची गाडी यायला पाऊण तास लागतो अशी बाई असेल, तर तिचा अर्ज फालतू नाही. स्वसंरक्षणाचा हक्क तिला भारतीय न्याय संहितेनंही दिलाय, कलमं ३४ ते ४४ वाचा. रात्री घरफोडी करून शिरणाऱ्याविरुद्ध तो हक्क बराच लांबपर्यंत जातो, फक्त गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. तिनं जरूर घ्यावं. स्वतः शिकावं, चावी स्वतःच्या गळ्यात ठेवावी, घरात दारू पिऊन हात उचलणारा कुणी असेल तर मात्र शस्त्राचं नावही काढू नये.

बाकीच्यांनी आधी मागच्या दाराची कडी बघा. निम्म्या घरांत पुढच्या दाराला महागडं लॉक आणि मागे न्हाणीकडे नुसता कोयंडा, असा प्रकार आहे. अंगणात दिवा, दाराला साखळी, भुंकणारं कुत्रं, शेजारच्या दोन घरांशी ठरलेली हाक, फोनमध्ये ११२. हे सगळं 'निडर'च्या किमतीच्या चौथाईत होतं आणि त्याला परवाना लागत नाही.

आपल्या तालुक्यात कुणा ताईंनी स्वतःच्या नावानं परवाना काढला असेल तर किती महिने लागले, पोलीस चौकशीत काय काय विचारलं, ते खाली लिहा. दादालोकांनी मॉडेलची नावं सुचवायची घाई करू नये.