रुचीचा बहाणा

"सौंदर्य हा ज्याच्या त्याच्या रुचीचा प्रश्न, त्यांत न्याय-अन्यायाची भाषा कशाला?" असें म्हणून वर्णाच्या वादांतून अंग काढून घेणारीं सुशिक्षित माणसें सर्वत्र भेटतात. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय मुलींच्या बाबतींत याला दुसऱ्या एका उपदेशाची जोड मिळते: "जग कांहींही म्हणो, मुलींनीं आत्मविश्वास सोडूं नये!" पहिल्या वाक्यानें गुन्हाच नाहींसा होतो, दुसऱ्यानें जिला मार बसला तिच्याच माथीं तो भरून काढण्याचें काम येतें. हीं दोन्ही वाक्यें दिसावयास सोज्वळ असलीं, तरी आमच्या मतें सारखींच घातक आहेत.

प्रथम रुचीचें पाहूं. रुचि आकाशांतून पडत नाहीं. तिचीही वंशावळ असते. मूल स्वतंत्र कीं गुलाम, तें आईच्या स्थितीवरून ठरावें, असा कायदा व्हर्जिनिया वसाहतीनें 1662 सालीं केला. गोऱ्या मालकानें गुलाम स्त्रीवर बलात्कार केला, तर जन्मलेलें मूल त्याचें वारस होत नसे. तें त्याची मालमत्ता होई. अशा उजळ संततीला कित्येक ठिकाणीं शेतांतल्या राबणुकीऐवजीं घरांतील काम मिळे, क्वचित् मुक्तताही मिळे. 1865 सालीं गुलामगिरी गेली; पण उजळ रंगाला चढा भाव देणारी उतरंड मागें राहिली, आणि ती खुद्द कृष्णवर्णीयांच्या घरांतही शिरली. ज्या आवडीला आज निरुपद्रवी म्हणतात, तिची कुळकथा ही अशी आहे.

केनेथ व मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानें 1940 च्या सुमारास तीन ते सात वर्षांच्या 253 कृष्णवर्णीय मुलांपुढें बाहुल्या ठेविल्या. कातडी व केंस यांच्या रंगाखेरीज त्यांत फरक नव्हता. छान बाहुली कोणती, असें विचारतां बहुसंख्यांनीं गोरी उचलली. वाईट दिसणारी कोणती, असें विचारतां बहुसंख्यांनीं काळी दाखविली. "तुझ्यासारखी कोणती?" या प्रश्नाला कांहीं लेंकरें रडूं लागलीं. पांच वर्षांच्या पोरीला रुचि कसली? तिला बाजारभाव कळला होता! 1954 सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवितांना क्लार्क यांच्या संशोधनाचा निर्देश केला.

रंगाच्या जोडीला ठरीव सोंगें आहेत. हॅटी मॅकडॅनियल ही ऑस्कर मिळविणारी पहिली कृष्णवर्णीय कलावती. 1940 सालीं हा मान तिला मिळाला तो 'गॉन विथ द विंड' या चित्रपटांतील गुलाम दाईच्या भूमिकेसाठीं. आणि त्या समारंभांत तिला बसविलें तें इतर कलावंतांपासून दूर, वेगळ्या टेबलाशीं. एकनिष्ठ दाई, कजाग भांडकुदळ बाई, निर्लज्ज कामुक स्त्री: यांपैकीं एखादें सोंग गळ्यांत पडल्यावांचून कृष्णवर्णीय मुलीला मोठें होतां येत नाहीं. जॉर्जटाउन विद्यापीठांतील संशोधकांनीं 2017 सालीं दाखवून दिलें कीं, प्रौढ माणसें पांच वर्षांच्या वयापासूनच या मुलींना त्याच वयाच्या गोऱ्या मुलींहून कमी निरागस समजतात; त्यांना माया व संरक्षण कमी लागतें, असें धरून चालतात. जिचें बालपणच नाकारलें, तिला आत्मविश्वासाचे धडे देणें ही निव्वळ थट्टा आहे.

यावर प्रतिपक्षी म्हणतात कीं, कृष्णवर्णीय तरुणांचा स्वाभिमान सरासरीनें गोऱ्यांहून कमी भरत नाहीं. हें खरें आहे, आणि त्याचें श्रेय त्या समाजाच्या चिवटपणाला आहे. पण सरासरीच्या पांघरुणाखालीं कोण कुढतें, तेंही पाहावें. मॅक्सिन थॉम्प्सन व व्हर्ना कीथ यांनीं 2001 सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत कृष्णवर्णीयांचीच आपसांत तुलना केली. तेव्हां वर्णाच्या छटेचा स्वाभिमानाशीं संबंध आढळला तो स्त्रियांच्या बाबतींत, पुरुषांच्या नव्हे. आणि जिच्यापाशीं पैसा नाहीं, जिच्या रूपाची वाखाणणी नाहीं, तिच्यावर हा घाव अधिक खोल. पुरुषाची किंमत कर्तबगारीनें व्हावी आणि स्त्रीची कातडीनें, हाच जुना न्याय येथेंही आडवा येतो.

तेव्हां उपाय कोठें करावा? तोलल्या जाणाऱ्या मुलीवर नव्हे, तोलणाऱ्याच्या तराजूवर. शाळेंत वा नोकरींत नैसर्गिक केंसांवरून व वेण्यांवरून भेद करण्यास कॅलिफोर्नियानें 2019 सालीं कायद्यानें बंदी केली. पाठोपाठ अनेक राज्यांनीं तसेंच केलें. "केंस सरळ करून या" म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला गप्प करण्याचें काम हजार व्याख्यानांनीं झालें नसतें.

हें परक्यांचें घरगुती भांडण समजून महाराष्ट्रीय वाचकानें पान उलटूं नये. अमेरिकेंत गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या सज्जनांना जोतीराव फुल्यांनीं 1873 सालीं आपलें 'गुलामगिरी' अर्पण केलें. दूरच्या दास्याशीं आपलें नातें त्यांना तेव्हांच दिसलें होतें. आमच्या घरीं मात्र वधू पाहिजे ती अजून गोरी! 2020 सालीं एका प्रसिद्ध मलमाच्या नांवांतून गोरेपणाचा शब्द गेला. आमच्या मनांतून तो गेलेला नाहीं. "रंग सांवळा, पण नाकीडोळीं नीटस" असें मुलीविषयीं म्हणतांना त्या 'पण'मध्यें आपण कोणत्या बाजारचा भाव बोलतों, याचा प्रत्येक आईबापानें विचार करावा. तो 'पण' आधीं आपल्या तोंडांतून काढावा. मग मुलीला आत्मविश्वास शिकवावयास जावें.