प्रमाणात आणि प्रमाणासह

मराठीच्या अध्यापकांनी जहाजांच्या आणि विमानांच्या प्रतिकृतींवर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. आमच्या विभागातही ते वाटले. नागपूरहून समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो मैल दूर. येथे गलबताशी कोणाचा काय संबंध? तरीही आम्ही दोघे सहकारी गेली काही वर्षे सुट्टीच्या दुपारी टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरून हा उद्योग करीत आहोत. या उद्योगाने आम्हांला ऐतिहासिक साहित्य कसे वाचावे याविषयी काही शिकवले, असे आमचे मत झाले आहे. ते येथे मांडत आहोत.

आरंभी थोडे तंत्राविषयी. विमानांच्या प्रतिकृतींत 1/72 हे प्रमाण सर्वाधिक रूढ आहे. मूळ वस्तूचे 72 सेंटीमीटर म्हणजे प्रतिकृतीचा एक. डाकोटा विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे 29 मीटर; ते येथे 40 सेंटीमीटरांत बसतात. जहाजांसाठी 1/350 आणि 1/700 ही प्रमाणे चालतात. आपली पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ 700 फूट लांब होती. 1/700 प्रमाणात ती बरोबर फूटपट्टीएवढी होते.

नवख्याची पहिली चूक घाईची असते. प्लास्टिकचे सुटे भाग चौकटीतून पिळून तोडायचे नसतात. कटरने थोडे अंतर ठेवून कापावे आणि उरलेला खुंट कानशीने उतरवावा. दोन अर्ध्या भागांचा सांधा जुळला की त्यात लांबी भरावी, ती पूर्ण वाळू द्यावी आणि बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून घासावी. सांधा राहिला की नाही हे डोळ्यांपेक्षा नख लवकर सांगते. त्यानंतर प्रायमरचा एक हात द्यावा. झाकली गेली असे वाटलेली प्रत्येक चूक त्या करड्या रंगात उघडी पडते. नागपूरच्या मे महिन्यात पाण्यात मिसळणारा रंग कुंचल्याच्या टोकावरच सुकतो, म्हणून तो पहाटे लावावा किंवा त्यात मंदक घालावा.

रंग पातळ हवा, याचे कारणही प्रमाणातच आहे. 1/72 मध्ये दशांश मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे मूळ विमानावर सात मिलिमीटरांचे लिंपण! छटेचेही तसेच. मूळ विमानाचा रंग जसाच्या तसा लहान प्रतिकृतीवर चढवला तर तो गडद आणि जड दिसतो. म्हणून जाणकार त्यात किंचित पांढरा मिसळतात. हुबेहूब दिसण्यासाठी मूळ रंगापासून थोडे दूर जावे लागते, हे आम्ही प्रथम येथे शिकलो. भाषांतराचा अनुभव असलेल्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

हाताला वळण लागले की माणसाला आपण प्रवीण झालो असे वाटू लागते. आमचेही तसेच झाले. आम्ही मोठ्या हौसेने 1971 च्या युद्धातील ‘विक्रांत’ केली. सांधे नाहीसे झाले होते, रंग एकसारखा बसला होता, डेकवर सी हॉक विमानांची रांग होती. आमच्या एका विद्यार्थ्याने ती पाहिली आणि विचारले, “सर, ही कोणत्या सालची विक्रांत?” आम्ही डेकच्या पुढच्या टोकाला वर उचललेला उतार केला होता. तो उतार सी हॅरियर विमानांसाठी 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात बसवला गेला. 1971 साली तेथे सपाट डेक होता आणि वाफेच्या कॅटापल्टने विमाने उडत. सी हॉक निवृत्त झाल्यानंतरच तो उतार आला. आमच्या टेबलावर उभी असलेली नौका कोणत्याही एका दिवशी समुद्रावर नव्हती. मोजमाप अचूक आणि वस्तू खोटी!

मराठीत ‘प्रमाण’ या शब्दाला दोन अर्थ आहेत: मापांचे परस्पर नाते आणि पुरावा. प्रतिकृती करणाऱ्याला हे दोन्ही अर्थ एकत्र सांभाळावे लागतात. आम्ही पहिला सांभाळला होता, दुसरा सोडला होता.

त्यानंतर आम्ही सोनेगावची डाकोटा करायला घेतली. 1949 मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. त्या काळी भारतात उडणाऱ्या अनेक डाकोटा महायुद्धानंतर विकल्या गेलेल्या लष्करी विमानांपैकी होत्या. म्हणून डाव्या अंगाचा दरवाजा प्रवासी विमानाचा अरुंद करायचा की मालवाहू रुंद, हे आधी ठरवावे लागते. रंग ठरवणे याहून कठीण. छायाचित्रे कृष्णधवल, आणि लाल रंग ग्रहण न करणाऱ्या जुन्या फिल्मवर लाल पट्टा जवळजवळ काळा उमटतो, निळा फिका पडतो. छायाचित्र हातात असूनही रंगाची ग्वाही मिळत नाही.

आणि जेथे चित्राचाही भरवसा नाही तेथे? महाविद्यालयाच्या प्रदर्शनासाठी विद्यार्थ्यांनी आंग्र्यांच्या आरमारातील गुराब करायचे ठरवले, तेव्हा हा प्रश्न उभा राहिला. मुंबईच्या गोदीत बांधलेली आणि 1817 साली पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे उभी आहे. तिचे आराखडे इंग्लंडहून आले होते. गुराबेचे तसे नाही. तुळाजी आंग्र्यांचे आरमार 1756 साली विजयदुर्गास जळाले. हाती उरतात ती मुख्यतः परक्यांनी काढलेली चित्रे आणि केलेली वर्णने. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत, मोठी गुराब सुमारे 300 टनांची, लांबीच्या मानाने रुंदी फार, आणि पुढे भूमध्य समुद्रातील गॅलीसारखी निमुळती लांब नाळ.

विद्यार्थ्यांनी 1/96 प्रमाण घेतले. सागवान विदर्भात मुबलक, पण त्याची एक मिलिमीटरची शीर या प्रमाणात दहा सेंटीमीटरांची भेग दिसते. म्हणून बारीक पोताचे हळदू निवडले. पट्ट्या गरम पाण्यात भिजवून, साच्याला बांधून रात्रभर सुकवल्या. एका बाजूची पट्टी लागली की समोरच्या बाजूची लावायची. एकच बाजू पुरी केली तर खालचा कणा पिळवटतो.

वाद झाला तो रंगावरून. आम्ही सुचवले की ज्या भागांना आधार आहे तेवढेच रंगवावेत. जे अंदाजाने केले, ते कोरे लाकूड राहू द्यावे. पुष्कळशी गुराब कोरीच राहिली. मुले हिरमुसली. प्रदर्शनात एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, “काम अर्धवट का सोडले?” एका मुलीने उत्तर दिले, “आजोबा, आम्हांला एवढेच ठाऊक आहे.” आमच्या इतक्या वर्षांच्या अध्यापनात आम्हांला याहून समाधान देणारे वाक्य क्वचितच ऐकायला मिळाले.

कारण दरवर्षी उत्तरपत्रिकांतून आणि अलीकडे प्रबंधांतूनही आम्ही उलट प्रकार पाहतो. ऐतिहासिक कादंबरीतील संवाद इतिहासाचा पुरावा म्हणून उद्धृत होतात. कादंबरीतल्या राजाने मध्यरात्री एकान्तात काय विचार केला, ते विद्यार्थी सनावळीसह सांगतात. दोष एकट्या त्यांचा नाही. आपल्या ऐतिहासिक कादंबरीची परंपरा दस्तऐवजाचा भाग आणि कल्पनेचा भाग एकाच चकचकीत रंगाने रंगवते, आणि आपली समीक्षा ‘काळ जिवंत केला’ असे म्हणून समाधान पावते. सांधा दिसत नाही, हेच गुणाचे लक्षण मानले जाते.

यावर आक्षेप येईल की कादंबरी ही कलाकृती आहे. तिच्याकडे पुरावा मागणे हा अरसिकपणा होय. आक्षेपात तथ्य आहे. कादंबरीकाराने कोरे लाकूड दाखवत बसावे, असे आम्ही म्हणत नाही. कल्पनेला पूर्ण मुभा हवी. पण ही मुभा लेखकाची आहे. समीक्षकाने आणि शिक्षकाने ती स्वतःकडे घेऊ नये. सांध्यावरून नख फिरवणे हे आपले काम आहे. ही घटना कोणत्या सालची, ही भाषा कोणत्या शतकाची, हा प्रसंग कागदावर आहे की लेखकाच्या मनात, हे प्रश्न वर्गात विचारले गेले तर कादंबरीचा आनंद उणावत नाही. लेखकाने कोठे आणि कशासाठी कल्पना केली हे कळून तो वाढतो.

आमची चुकलेली ‘विक्रांत’ आम्ही टाकून दिलेली नाही. ती विभागातील कपाटावर आहे. नवी मुले आली की आम्ही त्यांना तीतला दोष शोधायला सांगतो.