विश्लेषण : कुत्र्याचे पोट वारंवार का बिघडते? त्याला नेमके काय खायला द्यावे?

आठ दिवस बरे, चार दिवस जुलाब, पुन्हा उलटी, पुन्हा गोळी. घरातल्या कुत्र्याचे हे चक्र अनेकांच्या ओळखीचे आहे. लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड, पोमेरेनियन यांसारखी कुत्री आता बदनापूरसारख्या तालुक्याच्या गावांतही दिसतात आणि पिशवीबंद खाद्यही दुकानांत मिळते. पण पोट बिघडले की सल्ले सुरू होतात : ‘दूध बंद करा’, ‘भातच द्या’, ‘महागडी पिशवी आणा’, ‘भाकरी त्याला पचत नाही’. दर आठवड्याला खाणे बदलते आणि दुखणे तिथेच राहते. हा आजार काय असतो, योग्य आहार कसा शोधायचा आणि तालुक्याच्या गावात ते कितपत शक्य आहे, याचा हा आढावा.

दीर्घकालीन पचनविकार कशाला म्हणायचे?

उकिरड्यावर काही खाल्ले आणि दोन दिवस जुलाब झाले, तर तो तात्पुरता बिघाड असतो. जुलाब, उलट्या, भूक मंदावणे किंवा वजन घटणे ही लक्षणे तीन आठवड्यांहून अधिक टिकली किंवा पुन:पुन्हा उलटली, तर पशुवैद्यक त्याला दीर्घकालीन विकार मानतात.

शौचाकडे नीट पाहिले तर दुखणे आतड्याच्या कोणत्या भागात आहे, याचा अंदाज येतो. शौच भरपूर, पातळ, दिवसातून दोन-तीनदा आणि कुत्रे वाळत चाललेले, तर संशय लहान आतड्यावर जातो. शौच थोडे-थोडे, दिवसातून अनेकदा, कुंथून, सोबत आव किंवा ताज्या रक्ताचा थेंब, पण वजन कायम, तर दुखणे बहुधा मोठ्या आतड्याचे असते. आहार ठरवताना हा फरक उपयोगी पडतो.

आहार बदलण्याआधी कोणत्या तपासण्या हव्यात?

सर्वांत आधी जंत. गोल जंत, हूकवर्म आणि जिआर्डियासारखे सूक्ष्म परजीवी महिनोन्‌महिने पोट बिघडवू शकतात. ताज्या शौचाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही साधी आणि स्वस्त तपासणी आहे. जिआर्डिया एका नमुन्यात सुटू शकतो, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे दोन-तीन नमुने पाहिलेले बरे. काही जंत माणसांनाही, विशेषत: मातीत खेळणाऱ्या मुलांना बाधतात. त्यामुळे ही तपासणी घरासाठीही महत्त्वाची आहे.

दुसरा मुद्दा स्वादुपिंडाचा. जर्मन शेफर्डमध्ये स्वादुपिंडातून पाचकरस पुरेसे न स्रवण्याचा विकार इतर जातींपेक्षा अधिक आढळतो. कुत्रे अधाशासारखे खाते, तरी हाडे दिसू लागतात. शौच भरपूर, फिकट आणि तेलकट असते. रक्ताच्या एका विशिष्ट तपासणीने त्याचे निदान होते आणि उपचार म्हणून प्रत्येक जेवणात पाचक विकरांची पूड मिसळावी लागते. अशा कुत्र्याला नुसते खाद्य बदलून गुण येत नाही. यकृत, मूत्रपिंड आणि संप्रेरकांचे काही आजारही पोटाच्या तक्रारीच्या रूपात समोर येतात.

आहाराने खरेच फरक पडतो का?

पडतो, आणि तो बहुतेकांना वाटतो त्याहून जास्त. परजीवी आणि इतर आजार वगळल्यानंतर उरणाऱ्या दीर्घकालीन आतड्याच्या विकारात, प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांनुसार, निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक कुत्री केवळ आहार बदलून सुधारतात. सुधारणा बऱ्याचदा पहिल्या दोन आठवड्यांतच दिसू लागते. म्हणून उपचारांच्या क्रमात आहार पहिला आणि सूज दाबणारी स्टिरॉइडसारखी औषधे नंतर येतात.

प्रत्यक्षात मात्र अनेकदा उलटे घडते. जुलाब लागले की मेट्रोनिडाझोलची गोळी दिली जाते. दोन दिवस बरे वाटते, गोळी थांबली की जुलाब परततात. प्रतिजैविकांमुळे आतड्यातील उपयुक्त जिवाणूंची घडी विस्कटते आणि ती बसायला कित्येक आठवडे लागू शकतात. त्यामुळे साध्या जुलाबात ही औषधे सरसकट देऊ नयेत, असा अलीकडच्या मार्गदर्शक सूचनांचा रोख आहे.

दूध-पोळीत बिघडते काय?

आपल्याकडे कुत्र्याचे पारंपरिक खाणे म्हणजे दूध-पोळी, दूध-भाकरी किंवा उरलेले वरण-भात. पिल्लू मोठे झाले की दुधातली साखर पचवण्याची त्याची क्षमता कमी होते. त्यामुळे वाटीभर दुधाने काही कुत्र्यांना गॅस आणि जुलाब होतात.

दुसरा भाग प्रथिनांच्या ॲलर्जीचा आहे. अन्नामुळे त्वचेची ॲलर्जी झालेल्या २९७ कुत्र्यांच्या नोंदींचा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गोमांस ३४ टक्के, दुग्धजन्य पदार्थ १७ टक्के, कोंबडी १५ टक्के आणि गहू १३ टक्के प्रकरणांत कारणीभूत आढळले. ही आकडेवारी त्वचेच्या रुग्णांची आणि मुख्यत: पाश्चात्त्य देशांतली असली, तरी तिने संशयितांची यादी दिली आहे. त्यातले दूध आणि गहू आपल्या घरात रोज एकाच ताटलीत पडतात. वरून चहासोबतचे बिस्कीट असतेच. म्हणजे हे पदार्थ विषारी आहेत असे नाही. बहुसंख्य कुत्र्यांना ते पचतात. मात्र ज्याचे पोट सतत बिघडते, त्याच्याबाबत चौकशी इथूनच सुरू करावी.

‘कुत्र्याला धान्य पचतच नाही’ हे खरे का?

नाही. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले, की पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात. माणसाच्या सहवासात कुत्रे भाकरीला सरावले आहे. नीट शिजलेला भात, ज्वारी किंवा रताळे त्याला पचते.

‘धान्यविरहित’ खाद्याची जाहिरात याच गैरसमजावर चालते. अशा खाद्यात धान्याऐवजी वाटाणा, मसूर यांसारखी कडधान्ये मोठ्या प्रमाणात असतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये अशा आहाराचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का, याची तपासणी सुरू केल्याचे जाहीर केले. डिसेंबर २०२२ मध्ये, ठोस नवी माहिती येईपर्यंत नियमित निवेदने देणार नसल्याचे सांगितले. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. बदनापूरची ओळख तूर संशोधनाची. ‘बीडीएन ७११’ सारखे वाण इथल्या कृषी संशोधन केंद्राचे. त्यामुळे इथल्या घरात वरण रोजचेच. कुत्र्याने भातावर थोडे बिनफोडणीचे वरण खाल्ले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मात्र प्रथिनांची सगळी गरज केवळ डाळीवर भागवणे योग्य नाही.

योग्य आहार शोधण्याची पद्धत कोणती?

तिला वर्ज्य-आहार चाचणी म्हणतात. साध्या शब्दांत, कडक पथ्य. कुत्र्याने आजवर क्वचितच खाल्लेले एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ निवडायचा आणि तेवढेच द्यायचे. रोज कोंबडी खाणाऱ्याला अंडी किंवा मासे. अंडी नेहमीची असतील तर मटण किंवा मासे. सोबत भात किंवा रताळे. मासे काटे पूर्ण काढून, सगळे उकडून. तेल, मीठ, मसाला, फोडणी काही नाही.

उदाहरणार्थ, १० किलो वजनाच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात. शिजवलेला ३०० ग्रॅम भात आणि ३ उकडलेली अंडी यांत जवळपास तेवढ्या मिळतात. हे एकदम न देता तीन-चार वेळा विभागून द्यावे. जुन्या खाण्यावरून नव्यावर चार ते सात दिवसांत हळूहळू यावे.

पोटाच्या तक्रारीसाठी किमान दोन आठवडे चाचणी करतात. फरक दिसू लागला तर ती सहा ते आठ आठवड्यांपर्यंत नेतात. त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात : जुने खाणे पुन्हा देऊन पाहणे. त्रास परत आला तर दोष खाण्याचाच, हे पक्के होते. मग पुन्हा पथ्यावर आणून एकेक पदार्थ स्वतंत्रपणे तपासता येतो. रक्तावरून ‘अन्नाची ॲलर्जी’ सांगणाऱ्या चाचण्या कुत्र्यांमध्ये भरवशाच्या ठरलेल्या नाहीत. त्यावरचे पैसे वाचवलेले बरे.

चाचणी बहुतेकदा फसते कुठे?

घरातल्या माणसांमुळे. आजी दुधात भिजवलेली पोळी टाकते, मुले बिस्कीट देतात, शेजारी हाडूक फेकतात, गोळी पेढ्यात घालून दिली जाते. चवदार केलेल्या जंताच्या गोळ्यांतही मांसाचा अंश असू शकतो. एका घासानेही निष्कर्ष बिघडतो आणि ‘पथ्य करून पाहिले, उपयोग नाही’ असे म्हणून ते सोडले जाते. म्हणून घरातल्या सगळ्यांना आणि शेजाऱ्यांनाही आधी सांगावे. मोकळे फिरणाऱ्या कुत्र्याला तेवढे दिवस साखळीनेच बाहेर न्यावे.

सोबत वही ठेवावी. रोज काय दिले, शौच किती वेळा, घट्ट की पातळ, उलटी झाली का, एवढ्याच नोंदी पुरतात. आठवड्यातून एकदा वजन करावे. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहायचे आणि स्वत:चे वजन वजा करायचे. डॉक्टरांना आठवणीतल्या हकिकतीपेक्षा ही वही जास्त कामाची असते.

घरचे अन्न कायमचे पुरते का?

चाचणीपुरते, तेही प्रौढ कुत्र्याला. भात-अंडी किंवा भात-मांस यांत कॅल्शियम, जस्त, आयोडीन यांची उणीव असते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ मध्ये घरगुती श्वानआहाराच्या २०० पाककृती तपासल्या. त्यांतील ९५ टक्क्यांत किमान एक आवश्यक घटक कमी होता. वाढत्या पिल्लाची हाडे अशा खाण्याने कमकुवत होतात. त्यामुळे पथ्य मानवले, तर पशुवैद्यकाकडून कॅल्शियम आणि खनिज-जीवनसत्त्वांचे प्रमाण ठरवून घ्यावे किंवा तेच प्रथिन असलेल्या संपूर्ण तयार खाद्याकडे वळावे.

प्रथिनांचे बारीक तुकडे करून तयार केलेले ‘हायड्रोलाइज्ड’ खाद्य हा आणखी एक पर्याय आहे. शाकाहारी घरांना तो सोयीचा. पण महाग असतो आणि मोठ्या कुत्र्याचा महिन्याचा खर्च हजारांत जातो. मोठ्या आतड्याच्या त्रासात तंतुमय पदार्थ उपयोगी पडतात. आपल्या परिचयाचा इसबगोल पशुवैद्यकही वापरतात, मात्र प्रमाण त्यांनाच विचारावे. दह्यात साखर कमी असली तरी प्रथिन दुधाचेच असते, म्हणून चाचणीच्या काळात तेही बंद. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुके, चॉकलेट आणि शिजवलेली हाडे कधीच देऊ नयेत. रस्सा-पोळीतल्या कांद्याकडे हमखास दुर्लक्ष होते.

पिशवीवरील दाव्यांवर विश्वास ठेवावा का?

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मधील ‘अन्ना’च्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेले आहे. म्हणजे आपल्या बिस्किटाच्या पुड्याला लागू असलेली व्यवस्था कुत्र्याच्या खाद्याला तशीच लागू नाही. म्हणून ‘पचनास हलके’, ‘संवेदनशील पोटासाठी’ या ठळक शब्दांपेक्षा मागच्या बाजूची घटकांची यादी वाचावी. समोर ‘मेंढीचे मांस’ असले तरी यादीत कोंबडी असू शकते. वर्ज्य-आहारासाठी अशी पिशवी निरुपयोगी.

बदनापूरसारख्या ठिकाणी जायचे कोठे?

तालुक्यातील शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यांचा भर स्वाभाविकच गाई-म्हशी, शेळ्या आणि बैलांवर असतो. तरी शौच तपासणी, जंतनाशक, लसीकरण आणि पहिला सल्ला यासाठी तिथूनच सुरुवात करावी. रक्ताच्या विशेष तपासण्या किंवा सोनोग्राफी लागली, तर जालना, छत्रपती संभाजीनगर किंवा परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय हे जवळचे पर्याय आहेत. प्रवास करण्याआधी घरची वही आणि जुने कागद सोबत घ्यावेत. एक फेरी वाचते.

काही लक्षणांत मात्र पथ्याचे प्रयोग करत बसू नये. डांबरासारखे काळे शौच, भरपूर रक्त, पाणीही न टिकणाऱ्या उलट्या, फुगलेले पोट, झपाट्याने घटणारे वजन किंवा लस न घेतलेल्या पिल्लाचे जुलाब असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. पिल्लात पार्व्होचा संसर्ग एक-दोन दिवसांतही जीव घेऊ शकतो.

हे सगळे एका कुत्र्यासाठी कशाला, असा प्रश्न विचारला जातो. घाण आणि खर्चाला कंटाळून आजारी कुत्रे महामार्गावर सोडून देण्याचे प्रकार घडतात. प्राण्याला उपासमारीच्या स्थितीत टाकून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे. आणि अनेकदा असे कुत्रे बरे होण्यासारखे असते. त्याला लागते ती शौचाची एक तपासणी, दोन-चार आठवड्यांचे एकच साधे खाणे आणि त्या काळात बिस्कीट न देण्याइतका घरच्यांचा संयम.