मणिपूर : इंफाळच्या मैतेई ख्रिश्चनांनी रविवारी जायचं कुठे?

मणिपूरचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "हा हिंदू-ख्रिश्चन वाद आहे." दुसरं, "याचा धर्माशी काही संबंध नाही, हे जमातींचं भांडण आहे." दोन्ही वाक्यांत बसत नाही असा एक छोटा समाज इंफाळमध्ये राहतो. मैतेई ख्रिश्चन.

त्यांची अडचण समजली की मणिपूरचा गुंता बराच समजतो.

आधी थोडक्यात, झालं काय होतं?

मैतेई समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा द्यावा, अशी मागणी होती. त्याविरोधात 3 मे 2023 रोजी डोंगराळ जिल्ह्यांत आदिवासी संघटनांनी मोर्चे काढले. त्या दिवशी चुराचांदपूर परिसरात हिंसाचार भडकला आणि काही तासांत इंफाळपर्यंत पोहोचला. एका बाजूला खोऱ्यातले मैतेई, दुसऱ्या बाजूला डोंगरातले कुकी-झो.

सप्टेंबर 2023 मध्ये मणिपूर पोलिसांनी आकडे दिले. तोवर 175 जणांचा मृत्यू झाला होता. 386 धार्मिक स्थळांची तोडफोड झाली होती, त्यात 254 चर्च आणि 132 मंदिरं होती. मृतांचा आकडा पुढे अडीचशेच्या वर गेला. साधारण 60 हजार लोक बेघर झाले.

मग मैतेई ख्रिश्चन यात कुठे आले?

2011 च्या जनगणनेत मणिपूरमध्ये हिंदू 41.39 टक्के आणि ख्रिश्चन 41.29 टक्के होते. पण हे ख्रिश्चन मुख्यतः डोंगरात. त्याला इतिहास आहे. विल्यम पेटिग्र्यू हा मिशनरी 1894 मध्ये इंफाळला आला. खोऱ्यात धर्मप्रसाराला मनाई झाली, म्हणून तो 1896 मध्ये उखरुलच्या डोंगरात गेला. त्यामुळे कुकी आणि नागा ख्रिश्चन झाले, तर मैतेई बहुतांश हिंदू किंवा सनामाही परंपरेतले राहिले. खोऱ्यातले मैतेई ख्रिश्चन हे आधीपासूनच अल्पसंख्याकांतले अल्पसंख्याक.

इंफाळचे तेव्हाचे आर्चबिशप डॉमिनिक लुमोन यांनी जून 2023 मध्ये एक पत्र लिहिलं. हिंसाचार सुरू झाल्यापासून 36 तासांत मैतेई ख्रिश्चनांची 249 चर्च उद्ध्वस्त झाली, असं त्यात म्हटलं होतं. त्यांचा सवाल साधा होता: भांडण मैतेई आणि कुकींचं असेल, तर मैतेई वस्तीतली मैतेईंचीच चर्च मैतेई जमावाने का जाळली?

चर्चचा आणि पोलिसांचा हिशोब एकमेकांशी जुळत नाही. पण प्रश्न आकड्याने मिटत नाही. जात सांगितली तर हे लोक मैतेई, म्हणून कुकी भागात जाता येत नाही. धर्म सांगितला तर ख्रिश्चन, म्हणून स्वतःच्या गल्लीत संशय.

चर्च पुन्हा बांधलं की झालं, असं नाही का?

मराठी ख्रिस्ती बांधव 'मंडळी' हा शब्द वापरतात. मंडळी म्हणजे एकत्र जमणारी माणसं, नुसती इमारत नव्हे. इंफाळमध्ये तुटली ती मंडळी.

तिथली बरीच चर्च जमात आणि भाषेनुसार आहेत. इंफाळमधले कुकी-झो डोंगरात पळाले, तेव्हा त्यांच्या मंडळ्याही शहरातून उठल्या. सप्टेंबर 2023 मध्ये न्यू लाम्बुलाने वस्तीतली शेवटची दहा कुकी कुटुंबंही सुरक्षा दलांनी हलवली. आपल्याला जबरदस्तीने काढलं, अशी त्यांची तक्रार होती. पण ही माणसं निदान एकत्र गेली. छावणीत का होईना, रविवारची प्रार्थना स्वतःच्या भाषेत, ओळखीच्या माणसांत करता आली. नागा ख्रिश्चन या भांडणात थेट पक्ष नव्हते. ते तेव्हा दोन्हीकडे जाऊ शकत होते, शहरातही राहू शकत होते.

मैतेई ख्रिश्चनांना मात्र जायला डोंगरही नाही.

अंतर किती, आणि रस्ता किती?

पुलगावचा माणूस सकाळी नागपूरला जाऊन काम उरकून संध्याकाळी घरी येतो. इंफाळ ते चुराचांदपूर अंतर त्याहून कमी आहे, सुमारे 60 किलोमीटर. पण मध्ये बफर झोन आहे. चुराचांदपूरच्या कुकी माणसाला विमान पकडायचं तर जवळचं इंफाळ सोडून मिझोराममधलं ऐझॉल गाठावं लागलं.

इंफाळच्या कॅथलिक महाधर्मप्रांताचं क्षेत्र अख्खं मणिपूर आहे. म्हणजे एकाच आर्चबिशपच्या मंडळीत अशी माणसं आहेत, जी एकमेकांच्या भागात पाय ठेवू शकत नाहीत.

पुढे काय बघायचं?

13 फेब्रुवारी 2025 ला राष्ट्रपती राजवट लागली. सप्टेंबर 2025 मध्ये पंतप्रधान चुराचांदपूर आणि इंफाळला गेले. डिसेंबर 2025 पर्यंत छावण्या टप्प्याटप्प्याने बंद करू, असं प्रशासनाने जाहीर केलं होतं. पण छावणी बंद होणं आणि माणूस स्वतःच्या गल्लीत परतणं, यात मोठा फरक आहे.

नुकसानभरपाईतून भिंती उभ्या राहतील. पण त्या भिंतींच्या आत बसायला लोक यायचे, तर शेजाऱ्यांची संमती लागते आणि पोलिसांचा भरवसा लागतो. मणिपूरमध्ये शांतता आली की नाही, हे मोजायची एक साधी खूण आहे. इंफाळच्या एखाद्या मैतेई वस्तीत रविवारी सकाळी चर्चचं दार उघडं आहे का, आणि आत जाणारा माणूस मागे वळून बघतोय का.